अण्णांची ड्यूटी

माझ्या चुलतभावाने काकांना आयसीयूतून घरी आणलं, तेव्हा मी चारचौघांत म्हणालो होतो, "बिल वाढायला लागलं की लोकांना घर आठवतं." हे त्याच्या कानावर जाणार हे मला माहीत होतं. जावं असंही वाटत होतं. आठवडाभराने काका गेले. मी दहाव्याला गेलो, पिंडाला कावळा शिवेपर्यंत थांबलो आणि भावाशी एक शब्द न बोलता पुण्याला परतलो. वाटेत स्वतःबद्दल बरंच चांगलं वाटत होतं.

माझं गणित साधं होतं. उपचार चालू आहेत तोवर माणूस लढतो आहे; थांबवले की घरच्यांनी हात झटकले. 'डॉक्टरांनी उत्तर दिलं' हे मला नेहमी एक सोयीचं निमित्त वाटायचं. नोकरीच्या सुरुवातीला काही काळ वांद्र्याला राहत होतो. माउंट मेरीच्या चर्चजवळ शांती आवेदना सदन आहे. १९८६ साली सुरू झालेलं हे देशातलं पहिलं हॉस्पिस. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या लोकांची तिथे काळजी घेतात, एवढं मी ऐकलं होतं. त्या रस्त्याने जाताना मी मान खाली घालून जायचो. इथून कोणी बरं होऊन बाहेर पडत नाही, मग आत एवढे लोक काम तरी कशाचं करतात, असा प्रश्न मला पडायचा. आत जाऊन विचारावंसं मात्र कधी वाटलं नाही.

मी संख्याशास्त्र शिकवतो. त्यामुळे आजाराकडेही मी आकड्यांच्या बाजूने बघायचो. साखर किती, क्रिएटिनिन किती, वजन किती. आकडा हाताबाहेर गेला तर कोणीतरी कुठेतरी ढिलाई केली आहे. पथ्य मोडणारे, गोळ्या चुकवणारे, 'नको आता' म्हणणारे पेशंट मला नापास होणाऱ्या मुलांसारखे वाटत. अभ्यास केला नाही, आता कुरकुर कशाला?

मग अण्णांची मूत्रपिंडं निकामी झाली.

अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, सांगली आणि आसपासच्या आगारांत सगळी नोकरी झाली. मधुमेह जुना होता. त्याने आधी डोळे पकडले, मग मूत्रपिंडं, मग पाय. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झालं: सोमवार, बुधवार, शुक्रवार. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ते मोफत होत होतं. माझ्या लेखी तिथे प्रश्न मिटला. पैसा लागत नाही, मशीन आहे, तंत्रज्ञ आहे, घरात माणसं आहेत. आता राहिली फक्त शिस्त.

ती शिस्त मी पुण्यातून लावली. एक मोठी वही आखून दिली. रोजचं वजन, रक्तदाब, साखर, प्यायलेलं पाणी, झालेली लघवी, खाल्लेला प्रत्येक पदार्थ. 'अण्णा – आरोग्य' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, त्यात दादाने रोज रात्री पानाचा फोटो टाकायचा. मी ते आकडे एक्सेलमध्ये भरायचो, आलेख काढायचो आणि रविवारी सांगलीला जाऊन सगळ्यांना समोर बसवून दाखवायचो. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन जास्त वाढलं असेल तर ग्रुपवर विचारायचो, "पाणी कोणी दिलं?"

हे वाक्य आज लिहितानाही हात अडखळतो. 'पाणी कोणी दिलं?' तहानलेल्या म्हाताऱ्या माणसाला पाणी कोणी दिलं, याची चौकशी मी पुण्यात बसून करत होतो.

घरात काय चाललं होतं ते मला दिसत होतं, पण ते काम आहे हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. आई भाज्या बारीक चिरून कोमट पाण्यात भिजत घालायची, ते पाणी ओतून द्यायची, मग भरपूर पाण्यात शिजवून तेही ओतून द्यायची, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. अण्णांची भाजी वेगळी, बाकीच्यांची वेगळी. नारळपाणी बंद, केळं बंद, लोणचं-पापड बंद. फॉस्फरसची गोळी जेवणाच्या घासाबरोबरच जायला हवी, आधीही नाही आणि नंतरही नाही. इन्सुलिनची वेळ जेवणावर, जेवणाची वेळ डायलिसिसवर, आणि डायलिसिसची वेळ मशीन कधी मोकळं होतं त्यावर. वहिनी गोळ्यांचे डबे भरायची. दादाने कारखान्यात कायमची दुसरी पाळी मागून घेतली होती, सकाळी अण्णांना नेता यावं म्हणून. त्यात त्याची बढती गेली, हे मला खूप नंतर कळलं.

आणि फिस्टुला. डायलिसिससाठी डाव्या हाताच्या धमनीला शीर जोडून केलेली ती गाठ. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्यावर रक्तदाब मोजायचा नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर डाव्या कुशीवर झोप घेतली, त्याला झोपेतही काम लागलं होतं.

दोन वर्षांनी पायाची बोटं काळी पडायला लागली. सर्जनने सांगितलं, पुढेमागे गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. त्या दिवशी घरी आल्यावर अण्णा म्हणाले, "पुरे झालं की आता."

मी फोनवर होतो. मी जे बोललो ते सगळं लिहीत नाही. असं हरून कसं चालेल, आम्ही इतकं करतोय त्याचं काय, वगैरे. 'आम्ही' हा शब्द मी वापरला. त्यात मी काय करत होतो, तर आलेख.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण तिची लाज मला सगळ्यात जास्त वाटते. १९८२ साली पवनारला विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध घेणं थांबवलं. त्याविषयी मी वर्गातल्या मुलांशी कितीदा तरी आदराने बोललो आहे. सावरकरांच्या प्रायोपवेशनाबद्दल कोणी वेडंवाकडं बोललं, तर वाद घातला आहे. विनोबांनी 'पुरे' म्हटलं तर ती मुक्ती. माझ्या बापाने म्हटलं तर तो हट्ट, खचणं, डोक्यावर परिणाम. मोठ्या माणसांना मरणाबद्दल मत असू शकतं. निवृत्त वाहतूक नियंत्रकाला फक्त पथ्य असू शकतं. असा माझा हिशेब होता आणि तो मला कधी खटकला नाही.

पायाच्या ड्रेसिंगसाठी घरी एक सिस्टर यायला लागल्या होत्या. त्या पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या, टीममधल्या आहेत हे दादाने माझ्यापासून लपवलं होतं. त्याचं बरोबर होतं. मला कळलं असतं तर मी बंद केलं असतं. एका शनिवारी सुट्टी जोडून आली म्हणून मी एक दिवस आधीच पोहोचलो, तेव्हा त्या खाटेपाशी स्टुलावर बसून जखम धूत होत्या. तिशीच्या असतील. पट्टी बांधून झाली, हात धुऊन आल्या, पण निघाल्या नाहीत. परत स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, कालचा दिवस सांगा बघू. उठल्यापासून."

मला वाटलं वही मागतील. मी वही पुढे केली. त्यांनी ती घेतली, न उघडता मांडीवर ठेवली आणि अण्णांकडे बघत राहिल्या.

अण्णा उशीला टेकून बसले. मग त्यांनी जो आवाज काढला तो मी लहानपणी स्टँडवर ऐकलेला. लाऊडस्पीकरवरचा. सपाट, स्पष्ट, घाई नसलेला.

"पहाटे पाचला उठणे. बोट टोचून साखर. वजन काट्यावर उभं राहताना पोराला धरणे, पायाला तोल नाही. सुई पोटात. चहा अर्धा कप. सहा वाजता रिक्षा. साडेसहाला पोहोच. मशीन आधीच्या पाळीचं मोकळं झालेलं नसतं, तोवर बाकावर. सातनंतर कधीतरी दोन सुया हातात. चार तास. तिसऱ्या तासाला पोटरीत गोळा येतो, त्याला ओरडायचं नाही, बाजूचा झोपलेला असतो. सुया काढल्या की अर्धा तास दाबून धरणे. साडेबाराला घर. जेवण नको असतं, पण गोळी घासाबरोबर घ्यायची म्हणून घास घेणे. झोप नव्हे, पडून राहणे. पाचला उठवतात, परत साखर. संध्याकाळ म्हणून काही नसतं. रात्री कोरड पडते, बर्फाचा खडा चघळणे."

"आणि आज? आज तर डायलिसिस नाही."

"आज कालचा थकवा काढणे. उद्या परवाची तयारी."

"साप्ताहिक सुट्टी कधी मग?" सिस्टर हसून म्हणाल्या.

अण्णाही हसले. "रविवार. पण रविवारी पुण्याचं पोरगं येतं आणि वही तपासतं. त्या दिवशी जास्त दमायला होतं."

माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत. टोमणाही नव्हता. एखादी गाडी रोज उशिरा येते हे कंट्रोलरने जसं सांगावं, तसं सांगितलं.

मला राग आला. आधी रागच आला, हे लपवत नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. आई भाजीचं पाणी मोरीत ओतत होती. मी विचारलं, "ऐकलंस का अण्णा काय म्हणाले?"

"ऐकलं की. खरं तेच म्हणाले." मग पातेलं खाली ठेवून म्हणाली, "तू येणार म्हटलं की मी आदल्या रात्री वही पुरी करून ठेवते."

"पुरी करून म्हणजे?"

"राहिलेले रकाने. पाणी किती, लघवी किती. कोण मोजत बसणार रोज? मागचं बघून साधारण तसंच लिहिते. जास्त लिहिलं तर तू ओरडतोस."

मी कितीतरी महिने ज्या आकड्यांचे आलेख काढत होतो, ज्यांच्यावरून निष्कर्ष काढून माणसांना जाब विचारत होतो, त्यांतले बरेचसे आईने मला शांत ठेवण्यासाठी रचलेले होते. आयुष्यभर मुलांना सांगत आलो की आकडा कुठून आला ते आधी विचारा. माझ्याच घरच्या आकड्यांना मी ते विचारलं नव्हतं. आणि आई खोटं बोलत होती असंही म्हणता येत नाही. अण्णांच्या आजारपणात माझी मर्जी राखणं हे तिचं आणखी एक काम होतं. भाजी दोनदा उकळणं आणि वही भरणं, दोन्ही एकाच यादीतलं.

बाहेर सिस्टर विचारत होत्या, "या सगळ्यात तुमचं स्वतःचं असं काय असतं, अण्णा?" बराच वेळ उत्तर आलं नाही. मग अण्णा म्हणाले, "पेपर होता. आता अक्षरं हलतात." थोड्या वेळाने म्हणाले, "स्टँडवर जाऊन बसावं वाटतं. नुसतं."

इतक्या महिन्यांत मी हा प्रश्न विचारला नव्हता. डॉक्टरांनीही विचारला नव्हता, पण त्यांच्या बाहेर रांग होती. माझ्यामागे कुठली रांग होती?

त्यानंतर मी वाचायला लागलो. अपराधी वाटलं की मी पुस्तकांत शिरतो, ही माझी जुनी पळवाट आहे. पण यावेळी जे वाचलं त्याने सुटका झाली नाही. जुलिएट कॉर्बिन आणि अन्सेल्म स्ट्रॉस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९८५ सालीच लिहून ठेवलं होतं की दीर्घ आजार घरी सांभाळणं हे अक्षरशः काम आहे. त्यांनी आजारी माणसं आणि त्यांच्या जोडीदारांशी बोलून त्याचे तीन पदर सांगितले: आजाराचं काम, रोजच्या संसाराचं काम, आणि मोडलेल्या आयुष्यात 'मी कोण' हे पुन्हा लावून घेण्याचं काम. पहिल्या दोन्हींना माझ्या वहीत रकाने होते. तिसऱ्याचं नावही नव्हतं. स्टँडवर नुसतं बसावंसं वाटणं हे तिसऱ्यातलं.

२००९ साली कार्ल मे, व्हिक्टर मोंटोरी आणि फ्रान्सिस मेअर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याच्या पुढचं म्हटलं. आजाराचं ओझं वेगळं आणि उपचाराचं ओझं वेगळं. दुसरं आपण देतो. तपासण्या, हेलपाटे, गोळ्यांच्या वेळा, नोंदी हे सगळं पेशंटच्या अंगावर टाकत जातो आणि त्यातलं काही निसटलं की त्याला बेशिस्त ठरवतो. माणसाची ताकद कमी होत चाललेली असते, काम वाढत चाललेलं असतं. मी लेख वाचून झाल्यावर लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ काहीच केलं नाही. 'बेशिस्त' हा माझा आवडता शब्द होता.

आकडेही होते, आणि हे तरी मला आधी माहीत असायला हवे होते. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत राहणाऱ्या आणि डायलिसिस सुरू केलेल्या ३,७०२ लोकांचा अभ्यास २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. वर्षभरात ५८ टक्के लोक दगावले. डायलिसिसआधी जितकी हालचाल स्वतःची स्वतः करता येत होती तितकी वर्षाअखेरीस टिकली फक्त १३ टक्क्यांची. अण्णा वृद्धाश्रमात नव्हते, सांगलीत होते, घरच्यांत होते. ते आकडे जसेच्या तसे त्यांना लावता येत नाहीत. पण डायलिसिस म्हणजे पूर्वीचं आयुष्य परत, असा जो करार मी मनातल्या मनात करून टाकला होता, तो कोणीच केला नव्हता.

आणि पॅलिएटिव्ह म्हणजे हात वर करणं, या समजुतीचं काय? त्याच जर्नलमध्ये २०१० साली बोस्टनमधला अभ्यास आला होता. फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेले १५१ पेशंट. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच उपचारांच्या जोडीला पहिल्यापासून पॅलिएटिव्ह काळजी. दुसऱ्या गटाचे दिवस जास्त बरे गेले, शेवटी शेवटी त्यांच्यावर आक्रमक उपचार कमी झाले, तरी त्यांचा जगण्याचा मध्यक ११.६ महिने निघाला, पहिल्या गटाचा ८.९. एका इस्पितळातला, एका आजाराचा अभ्यास आहे. आयुष्य वाढतंच असं त्यावरून म्हणायला मी धजणार नाही, आणि नंतरच्या सगळ्या अभ्यासांत ते दिसलेलंही नाही. पण दुखणं कमी करायला गेलं की माणूस लवकर जातो, ही भीती त्यात टिकत नाही. सर्व्हायव्हल कर्व्ह शिकवणाऱ्या माणसाला याहून चांगलं उदाहरण सापडलं नसतं. मी दरवर्षी दुसरंच शिकवत होतो.

रविवारी मी वही घेऊन आलो आणि परत दिली नाही. ग्रुप बंद केला. अण्णांनी काही विचारलं नाही. आईने मात्र विचारलं, "आता डॉक्टर ओरडणार नाहीत ना?" ओरडणारे डॉक्टर कधीच नव्हते.

पुढचं एकदम झालं नाही. सिस्टरांच्या डॉक्टरांनी आणि किडनीच्या डॉक्टरांनी बसून काही गोष्टी सैल केल्या. रोजच्या नोंदी कमी, गोळ्या कमी, जेवणात आवडीचं थोडं. पायाची बोटं दुखत होती, ठणका रात्रीचा असह्य. मूत्रपिंडं निकामी असली की मॉर्फिनचे घटक शरीरात साचतात, म्हणून त्यांनी फेंटॅनिलचा पॅच लावला. मी जुन्या सवयीने घाबरलो. ही शेवटची औषधं ना? डॉक्टर म्हणाले, "दुखण्याची औषधं आहेत. दुखतंय म्हणून देतोय." त्या रात्री अण्णा झोपले. आईसुद्धा.

दादाने त्यांना स्टँडवर नेलं. व्हीलचेअर फलाटाच्या कडेला लावली. मी नव्हतो, नंतर फोनवर ऐकलं. विट्याची गाडी उशिरा लागली, तेव्हा अण्णांनी चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला त्याबद्दल झापलं म्हणे. तो बिचारा नवीन होता, त्याने उठून नमस्कार केला.

पाय काढायला त्यांनी शेवटपर्यंत नकार दिला. दिवाळी झाल्यावर डायलिसिसलाही. मला प्रश्न पडला, हे चालतं का? कायद्याने आत्महत्या तर नाही? केईएममधल्या अरुणा शानबाग यांच्या खटल्यात २०११ साली सुरू झालेली चर्चा २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत आली आहे आणि त्यात हे स्पष्ट आहे: भानावर असलेला सज्ञान माणूस उपचार नाकारू शकतो. अण्णा पूर्ण भानावर होते. इतके की डॉक्टरांनी "नंतर मन बदललं तर परत सुरू करता येईल" म्हटल्यावर म्हणाले, "फेरी रद्द म्हणजे रद्द. पॅसेंजरला ताटकळत ठेवू नये."

एक गोष्ट मला तेव्हाही छळत होती आणि आजही छळते. आपल्या घरांत म्हातारी माणसं 'नको आता' म्हणतात ती बऱ्याचदा पोरांकडे बघून. सुनेचे हाल होतात, पोराची नोकरी जाते, आपण कधी एकदा जातो. ही वाक्यं इच्छा म्हणून ऐकली तर घात होतो. उपचाराच्या ओझ्याचं हे सगळं बोलणं एखाद्या हिशेबी घराच्या हातात पडलं, तर मी काकांच्या वेळी जी शंका घेतली होती तीच खरी ठरू शकते. अण्णांच्या बाबतीत डॉक्टरांनी त्यांना एकट्याला विचारलं, आम्हाला बाहेर पाठवून. मग काही दिवसांनी परत विचारलं. सिस्टरांनी निराळ्या वाटेने विचारलं: दुखणं थांबलं तर डायलिसिस चालेल का? घरच्यांना त्रास नसता तर? अण्णा म्हणाले, दुखणं थांबलंच आहे, प्रश्न त्याचा नाही. हे उत्तर मी स्वतः ऐकलं नाही. आणि ऐकलं असतं तरी शंभर टक्के खात्री झाली असती असं म्हणता येत नाही.

डॉक्टरांनी साधारण आठवडा-दहा दिवस सांगितले होते. अण्णांना थोडी लघवी होत होती, म्हणून त्याहून काही दिवस जास्त मिळाले. पाणी मोकळं नव्हतं, फुप्फुसात साचलं तर दम लागतो हे त्यांना माहीत होतं. पण मोजमाप करणारं कोणी नव्हतं. झोप वाढत गेली. मी रजा घेऊन खाटेशेजारी होतो आणि मला काही काम नव्हतं. असं बिनकामाचं त्यांच्याजवळ बसणं शाळेत असतानाही मला आठवत नाही.

चुलतभावाला मी भेटलो. पोचलं होतं का ते वाक्य, म्हणून विचारलं. "पोचलं," म्हणाला. मी माफी मागितली. तो म्हणाला, "बिलाचाही विचार केला होता रे मी. नव्हता केला असं नाही. काकी सोनं मोडायला निघाली होती." मला वाटलं होतं की तो म्हणेल, पैशाचा प्रश्नच नव्हता. ते उत्तर मला सोयीचं पडलं असतं. त्याने ते दिलं नाही आणि माफीवरही काही बोलला नाही. आम्ही चहा घेतला.

यंदा मी माझं स्वतःचं वैद्यकीय इच्छापत्र केलं. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते सोपं केलं आहे: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, पूर्वीसारखं न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जावं लागत नाही. मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेल्यानंतर राज्यात ही पत्रं सांभाळायला अधिकारीही नेमले गेले. आपण भानावर नसताना आपल्या वतीने बोलायला कोण, त्यांची नावं त्यात द्यायची असतात. बायकोचं दिलं. दुसरं दादाचं द्यावं म्हणून त्याला फोन केला.

तो नाही म्हणाला. मी समजावून सांगायला लागलो, तेव्हा मधेच तोडून म्हणाला, "अण्णांना शुक्रवारी नेलं नाही तेव्हा रिक्षावाल्याला फोन करून नको येऊ म्हणून मी सांगितलं. तू नाही. ते मी एकदा केलंय. परत नाही करणार."

मी त्याला म्हणणार होतो की निर्णय अण्णांचा होता. पण फोन त्याने केला होता, हे खरंच होतं, आणि मला ते तोवर माहीत नव्हतं. दुसऱ्या नावाची जागा सध्या कोरी आहे. मुलीचं नाव सुचतंय, ती चोवीस वर्षांची आहे. या दिवाळीत ती घरी आली की विचारणार आहे. दादाने काय सांगितलं तेही तिला आधी सांगीन.